भोंगे उदंड, कान थोडके

चिंचवडमध्ये एके काळी घड्याळापेक्षा भोंग्याला मान होता. सकाळचा भोंगा झाला की चाळीचाळींतून डबे भरण्याची घाई उडे, दुपारचा झाला की पहिली पाळी सुटल्याचे कळे, आणि अवेळी भोंगा झाला तर हातातले काम टाकून बायका दारात येऊन उभ्या राहत. अवेळी भोंगा म्हणजे आग किंवा अपघात; तिसरा अर्थ त्याला नव्हता. एका आवाजाला एक अर्थ आणि तो अर्थ शाळकरी पोरालाही ठाऊक, अशी ती सोपी व्यवस्था होती.

आज त्याच पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आवाजांचा सुकाळ आहे. कारखान्यात मालवाहू गाडी मागे सरकताना ओरडते, यंत्राच्या पिंजऱ्याचे दार उघडले की तांबडा दिवा लुकलुकू लागतो. घरी फ्रिजचे दार, इन्व्हर्टर, पाणी शुद्ध करणारे यंत्र आणि खिशातला मोबाइल, सगळेच आपापल्या परीने हाका मारत असतात. २०२३ साली आपत्तीच्या सूचनेची चाचणी म्हणून सरकारने देशभरातले मोबाइल वाजवले. पहिल्यांदा फोन किंचाळला तेव्हा आमच्या सोसायटीतली माणसे गॅलरीत येऊन एकमेकांना विचारू लागली. पुढच्या खेपेला तोच आवाज झाला, तेव्हा बहुतेकांनी अंगठ्याने तो मिटवला आणि हातातले काम पुढे चालू ठेवले. एकाच आवाजाचे मोल इतक्या लवकर उतरले!

हा प्रश्न घरात फार तर दूध उतू जाण्यापुरता असतो. पण जिथे इशारा ऐकू न येण्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते, तिथे काय होते? त्यासाठी समुद्रावर जायला हवे. समुद्र चिंचवडपासून दूर, पण तिथे जाणारी मुले दूरची नाहीत. तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदुरी येथे १९९८ पासून तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे. जहाजाचा इंजिनकक्ष कसा असतो ते मुलांना कळावे म्हणून तिथे डोंगरांच्या कुशीत, कोरड्या जमिनीवर एक जहाजच उभारले आहे. आपल्या ओळखीपाळखीत, नात्यागोत्यात आता जहाजावरचा एखादा अभियंता असतोच. तो सहा महिने कुठे असतो, हे आपल्याला नकाशावर दाखवता येते. तो तिथे नेमके काय ऐकत असतो, याची मात्र कल्पना नसते.

कमी माणसे, जास्त घंटा

पूर्वी जहाजाच्या इंजिनकक्षात चोवीस तास माणूस असे. इंजिनाचा आवाज बदलला, तेलाचा वास आला, नळीला हात लावल्यावर नेहमीपेक्षा जास्त ऊब जाणवली, की त्याला कळे. १९६१ साली जपानमध्ये बांधलेल्या 'किंकासान मारू' या जहाजापासून स्वयंचलनाचे युग सुरू झाले, असे मानतात. मग हळूहळू रात्री इंजिनकक्ष रिकामा ठेवण्याची पद्धत आली. आज पाळीवरचा अभियंता दिवसभर काम करतो आणि रात्री आपल्या केबिनमध्ये झोपतो. खाली तेलाचा दाब उतरला, पाणी तापले, टाकी भरली, की त्याच्या उशापाशी घंटा वाजते. त्याने उठायचे, खाली जायचे, बटण दाबून 'समजले' अशी पोच द्यायची. ठरलेल्या मिनिटांत पोच मिळाली नाही, तर इतर अभियंत्यांना उठवणारी घंटा वाजते.

योजना शहाणपणाची आहे. यंत्राला झोप नाही, कंटाळा नाही. नजर ठेवण्याचे काम त्याने करावे आणि माणसाने निर्णय घ्यावा. पण हिशेब पुढे बिघडतो. मुख्य इंजिन एका कंपनीचे, वीज बनवणारी जनित्रे दुसरीची, तेल शुद्ध करणारे यंत्र तिसरीचे, बॉयलर चौथीचा. प्रत्येक कंपनी आपापल्या यंत्राच्या घंटांची यादी देते आणि गोदीत त्या सगळ्या याद्या एकत्र जोडल्या जातात. एकेक यादी पाहिली तर तिच्यात गैर काही नसते. सगळ्या मिळून हजारो जागी कान लावून बसलेल्या या यंत्रणेचे ऐकणारा मात्र एकच माणूस असतो, आणि तो पहाटे दोन वाजता अर्धवट झोपेत असतो.

घंटा वाढवायला पैसे लागत नाहीत. संगणकात एक ओळ लिहिली की झाले. घंटा काढून टाकायला मात्र छाती लागते. उद्या काही झाले तर 'ही घंटा कोणी काढली?' असा प्रश्न येणार, हे प्रत्येकाला ठाऊक असते. 'शंभर घंटा कशाला ठेवल्या?' असे कोणी कोणाला विचारत नाही. त्यामुळे घंटा वाढतच जातात.

त्यातून एक बिघाड दहा बिघाडांना जन्म देतो. जनित्र बंद पडले की त्यावर चालणारे पंप थांबतात, पंप थांबले की दाब उतरतात, दाब उतरले की तापमान चढते, आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे ओरडू लागतो. लग्नघरात दिवे गेले म्हणजे जसा सगळीकडून कल्लोळ उठतो आणि फ्यूज कुठला गेला हे सांगणाऱ्याचा आवाज त्यात बुडतो, तसेच हे.

अकरा मिनिटे, दोनशे पंच्याहत्तर घंटा

या विषयातला सर्वांत जास्त सांगितला जाणारा दाखला जहाजावरचा नाही, तेलशुद्धीकरण कारखान्याचा आहे. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनजवळच्या कारखान्यात वीज कोसळल्यानंतर गोंधळ सुरू झाला आणि काही तासांनी स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत नियंत्रणकक्षातल्या दोन माणसांपुढे २७५ घंटा आल्या. म्हणजे दर अडीच सेकंदांना जवळजवळ एक. वाचायची कधी, समजायची कधी आणि त्यावर काही करायचे कधी? शिवाय बहुतेक घंटांवर 'अतिमहत्त्वाची' असाच शिक्का होता. सगळेच अतिमहत्त्वाचे झाले की काहीच महत्त्वाचे उरत नाही, हे कोणत्याही सरकारी टपालात 'तातडीचे' शिक्के पाहणाऱ्याला सांगायला नको.

समुद्रावरचा अलीकडचा दाखला 'व्हायकिंग स्काय' या प्रवासी जहाजाचा. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यालगत, वादळात, १३७३ माणसांसह हे जहाज वीज जाऊन निराधार झाले आणि खडकांच्या दिशेने वाहू लागले. कारण ऐकले तर आश्चर्य वाटेल. इंजिनांच्या तेलाच्या टाक्यांत कंपनीने सांगितल्यापेक्षा तेल कमी होते. समुद्र शांत असताना ते चालून गेले. जहाज वादळात हेलकावे खाऊ लागल्यावर टाकीतले तेल एका बाजूला सरकले, पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आली आणि स्वतःला वाचवण्यासाठी इंजिने एकामागून एक आपोआप बंद पडली.

त्या सकाळी तेल कमी असल्याच्या घंटा वाजल्या नव्हत्या काय? वाजल्या होत्या, एकदा नव्हे, अनेकदा. पण जहाज कलले की वाजायच्या आणि सरळ झाले की मिटायच्या. वादळात असे होतेच, अशी समजूत करून घेणे सोपे होते. पोच दिली जात होती आणि घंटा थांबत होती. नशिबाने एक इंजिन वेळेवर चालू झाले आणि जहाज खडकांपासून अगदी थोडक्या अंतरावर सावरले. ४७९ प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलून न्यावे लागले.

उलट बाजूचाही दाखला आहे. १० जून १९९५ रोजी 'रॉयल मॅजेस्टी' हे बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेले जहाज अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ वाळूत रुतले. उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्राची तार निघाल्याला तेव्हा सुमारे ३४ तास झाले होते. यंत्राने इशारा दिला होता. पण तो मनगटी घड्याळाच्या गजरासारखा आणि जेमतेम एक सेकंदाचा होता. त्यानंतर पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरे तेवढी राहिली. जहाज आपल्या मार्गापासून सतरा मैल दूर गेले आणि चालवणारे निश्चिंत होते. तिथे घंटांचा गदारोळ नव्हता; एकुलती एक घंटा कुजबुजली होती.

आणि 'डीपवॉटर होरायझन'? मेक्सिकोच्या आखातातल्या या तरंगत्या तेलविहीर-यंत्रणेवर २० एप्रिल २०१० रोजी स्फोट होऊन अकरा जण गेले. तिथल्या मुख्य इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञाने चौकशीत साक्ष दिली की, सार्वत्रिक भोंगा आपोआप वाजण्याची सोय बंद करून ठेवलेली होती. पहाटे तीन वाजता खोट्या घंटेने लोकांची झोप मोडू नये म्हणून. झोप मोडू नये ही इच्छा वाईट नव्हे. पण खोटी घंटा दुरुस्त करण्याऐवजी खरीचाही गळा दाबला गेला. आपल्याकडे भोपाळमध्ये डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला, कारण किरकोळ गळतीसाठी लोकांना घाबरवू नये अशी रीत होती.

मुंबईच्या समुद्रात

आता आपल्या दारातली गोष्ट. २६ जुलै २००५ म्हटले की मुंबईचा महापूर आठवतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, बॉम्बे हायच्या उत्तर भागातल्या तेलफलाटावर आगीचे तांडव झाले. महापुराच्या बातम्यांत ते काहीसे झाकले गेले.

सुरुवात एका स्वयंपाक्याच्या बोटांपासून झाली. 'समुद्र सुरक्षा' या मदतनीस जहाजावर काम करताना त्याची बोटे कापली. पावसामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हते, म्हणून त्याला उपचारासाठी फलाटावर उचलून घ्यायचे ठरले. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन चालत नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने आणावे लागले. संगणकाच्या मदतीने जहाज जागेवर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेत अडचण होती, म्हणून ते हाताने चालवत जवळ आणले गेले. जखमी माणूस वर पोचला. परतताना लाटेने जहाज उचलले आणि त्यावरच्या हेलिकॉप्टर उतरवण्याच्या मंचाचा धक्का फलाटाच्या बाहेरच्या बाजूने वर जाणाऱ्या गॅसच्या नळीला बसला. गॅस पेटला. दोन तासांत फलाट खाक झाला. ३६२ जण वाचवले गेले, २२ जण परतले नाहीत. 'समुद्र सुरक्षा' पुढे काही दिवसांनी बुडाले.

या घटनेत एकही घंटा चुकली असे म्हणता येत नाही. क्रेन बंद असल्याचे फलाटावर माहीत होते, यंत्रणेची अडचण जहाजावर माहीत होती, समुद्राचा जोर सगळ्यांना दिसत होता, आणि नळ्या बाहेरच्या अंगाला आहेत हे तर नकाशातच होते. प्रत्येक इशारा कोणाच्या ना कोणाच्या ओंजळीत होता. माझ्या मते, नसलेली गोष्ट एकच: या चारांची बेरीज करून 'थांबा' म्हणणारा आवाज. कितीही घंटा बसवल्या तरी ही बेरीज त्या करत नाहीत. ती माणसालाच करावी लागते, आणि त्यासाठी त्याचे डोके रिकामे हवे, कान बधिर झालेले नकोत.

पोच नावाची सही

मी आयुष्य बँकेत काढले. तेव्हा जहाजांबद्दल बोलण्याचा अधिकार मला काय, असे कोणी म्हणेल. पण घंटेला पोच देणे म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला चांगले कळते.

नव्वदच्या दशकात शाखांत संगणक आले आणि रोज संध्याकाळी एक कागद छापून बाहेर पडू लागला. त्याला आम्ही एक्सेप्शन रिपोर्ट म्हणत असू. शिल्लक कमी झालेली खाती, मर्यादेबाहेर गेलेली उचल, सही न जुळवता झालेले व्यवहार, बऱ्याच वर्षांनी अचानक जागे झालेले खाते, असे सगळे वेगळेपण त्यात येई. कल्पना अशी की अधिकाऱ्याने तो वाचावा आणि संशयास्पद ते शोधावे. एका शाखेत मी पाहिले, पहिले काही दिवस साहेबांनी तांबड्या पेनाने एकेक ओळ तपासली. पण किमान शिल्लक दोन रुपयांनी कमी झालेली पेन्शनर आजी आणि लाखोंनी घसरलेले व्यापाऱ्याचे खाते, दोघांना त्या कागदावर सारखीच एकेक ओळ होती. महिन्याभरात कागदाची चळत वाढली, वाचन संपले, आणि शेवटच्या पानावर 'पाहिले' असे लिहून सही तेवढी उरली. तपासनीस येत, पाने उलटत आणि सही आहे का ते बघत. वाचले का, असे त्यांनी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही.

जहाजावरचे पोच देण्याचे बटण म्हणजे हीच सही आहे. एवढा एक फरक की इथे शेरा संगणक लिहून ठेवतो, सेकंदासकट. घंटा वाजली तोवर जबाबदारी यंत्राची. बटण दाबले की ती माणसाची. अपघात झाला की चौकशीत त्या नोंदी बाहेर येतात: अमुक वाजता इशारा दिला होता, अमुक अभियंत्याने तो स्वीकारला होता. त्या रात्रीची ती कितवी घंटा होती आणि आधीच्या किती खोट्या निघाल्या होत्या, हे सांगणारी ओळ त्या कागदावर ठळकपणे नसते. माणसे कमी करून वाचलेला पैसा मालकाकडे जातो आणि वाढलेल्या घंटांचा दोष झोपमोड झालेल्या पोराकडे येतो. या विषयातली खरी मेख मला इथे दिसते.

भारतीय खलाशांच्या दृष्टीने हे केवळ तात्त्विक नाही. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोर बंदरातून निघालेल्या ३०० मीटर लांबीच्या 'डाली' जहाजाची वीज गेली, परत आली, पुन्हा गेली, आणि काही मिनिटांत ते पुलाला धडकून पूल कोसळला. जहाजावरचे २१ पैकी २० खलाशी भारतीय होते. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने २०२५ मध्ये निष्कर्ष काढला तो असा: हजारो तारांपैकी एका तारेवर ओळखीची पट्टी अशी बसली होती की तार आपल्या जागी पूर्ण घुसली नव्हती, ती सैल झाली आणि वीज तुटली. त्या गदारोळात एक इशारा मात्र अचूक ठरला. पायलटने रेडिओवर पूल बंद करण्यास सांगितले, तो निरोप थेट योग्य माणसांकडे गेला आणि पोलिसांनी दीडएक मिनिटात वाहने अडवली. किती जीव वाचले असतील! परंतु पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणाऱ्या मजुरांपर्यंत तो निरोप पोचला नाही. सहा मजूर गेले.

उपाय अवघड नाहीत

गंमत अशी की उपाय माहीत नाहीत असे नाही. मिलफर्ड हेवननंतर, १९९९ साली ब्रिटनमधल्या अभियांत्रिकी साधने वापरणाऱ्यांच्या संघटनेने मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचे सार कोणत्याही घरातल्या कर्त्या बाईला पटेल: जिच्यावर काही करायचे नाही ती घंटा नव्हेच. नुसती माहिती असेल तर ती वहीत नोंदवा, माणसाला हाका मारू नका. एका माणसाला साधारण दहा मिनिटांत एक घंटा, एवढेच झेपते असेही त्यात म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००९ च्या संहितेत इशाऱ्यांच्या चार पायऱ्या ठरवल्या: आणीबाणी, अलार्म, इशारा आणि सावधसूचना. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या गृहिणीला हे शास्त्र न शिकता येते. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद. शिट्टी म्हणजे काम. कुकर दर मिनिटाला निरर्थक शिट्ट्या मारू लागला, तर तीही मोजणे सोडून देईल.

आपल्या पट्ट्यातल्या वाहन कारखान्यांनाही हे नवे नाही. जपानच्या साकिची टोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग बनवला. त्याच विचारातून टोयोटाच्या कारखान्यात अँडॉनची दोरी आली. आज इथल्या कितीतरी कामगारांना अँडॉनचा फलक परिचयाचा आहे. कामगाराने दोरी ओढली की दिवा लागतो, प्रमुख धावत येतो, आणि गरज पडली तर अख्खी रांग थांबते. थांबण्याची किंमत मोठी असल्यामुळे त्या दिव्याला वजन आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की दोरी ओढणाऱ्याला कोणी रागवायचे नसते.

जहाजांच्या बाबतीतही एवढेच करायचे आहे. कोणती घंटा महिन्यात किती वेळा वाजली आणि त्यावर काय केले, याचा हिशेब मालकाने मागवावा. सर्वांत जास्त कटकट करणाऱ्या दहा घंटांचे मूळ दर महिन्याला शोधावे. बहुधा एखादा बिघडलेला मापक किंवा चुकीने लावलेली मर्यादा निघते. एखादी घंटा बंद ठेवायचीच असेल तर कोणाच्या हुकमाने आणि किती वाजेपर्यंत, हे लेखी असावे. एकाच बिघाडातून शंभर आवाज उठले तर पहिला कोणता, ते पडद्यावर वेगळे दिसावे.

राहता राहिली झोप. जहाजावरच्या माणसाला चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. २००६ च्या सागरी श्रम करारात तर आणखी नेमके कलम आहे: इंजिनकक्ष रिकामा ठेवून ज्याला घंटेवर झोपवले आहे, त्याची झोप मोडली तर त्याला भरपाईची विश्रांती दिली पाहिजे. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. कलम चांगले आहे. पण ते पाळले जाते की त्याच्याही रकान्यात 'पाहिले' अशी सही होते, हे बाहेरून कसे कळणार?

थोडेसे कळू शकते. मुलगा जहाजावरून फोन करतो तेव्हा आपल्या आया विचारतात, 'जेवलास का रे?' त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: 'काल रात्री किती वेळा उठवले, आणि त्यातल्या किती वेळा खरेच काही झाले होते?' उत्तर तीन-चार दिवस सारखेच आले, तर वरिष्ठांना ते लेखी सांग, असेही त्याला बजावावे. बटण दाबताना त्याच्या नावाची नोंद होतेच आहे. तक्रारीचीही नोंद त्याच्या नावावर असलेली बरी.